रांगण्याआधीचा काळानिळा डाग

जे बाळ अजून आधार धरून उभंही राहत नाही, त्याच्या अंगावर काळंनिळं सहसा पडत नाही. घरातल्या जुन्या बायकांना हे कळतच असणार, पण ते मोजून पाहायला १९९९ साल उजाडावं लागलं. अमेरिकेत सिएटलच्या डॉक्टरांनी नेहमीच्या तपासणीला आलेल्या, तीन वर्षांच्या आतल्या ९७३ मुलांचं अंग नखशिखान्त पाहिलं. चालणाऱ्या मुलांपैकी निम्म्याहून जास्त जणांना कुठे ना कुठे मुका मार होता. नडगी, गुडघा, कपाळ, म्हणजे धडपडणाऱ्या मुलाला लागायचं तिथेच. सहा महिन्यांच्या आतली बाळं ३६६ होती. त्यांच्यापैकी किती जणांच्या अंगावर डाग सापडला? फक्त दोघांच्या.

मला या आकड्याचं अजून नवल वाटतं. इथे यंत्र नाही, रक्ताची तपासणी नाही. बाळाचं झबलं काढायचं, उजेडात नीट पाहायचं आणि या वयात बाळ काय काय करू शकतं ते आठवायचं, एवढंच. दोन महिन्यांचं बाळ कुशीवर वळत नाही, मग ते खाटेच्या कडेपर्यंत पोचलं कसं? हा प्रश्न ज्या परिचारिकेच्या मनात आपोआप उमटतो, ती एखाद्या मुलाचा जीव वाचवू शकते. कारण असा पहिला डाग बहुतेक वेळा लहानच असतो. जीव घेणारी इजा त्यानंतर येते.

डाग कुठे आहे यावरूनही पुष्कळ कळतं. शिकागोच्या डॉ. मेरी क्लाइड पिअर्स यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं. चार वर्षांच्या आतल्या मुलाचं पोट-पाठ, कान किंवा मान यांवर काळंनिळं दिसलं, तर थांबून विचार करायचा. जबड्याचा कोपरा, गालाचा मांसल भाग आणि पापण्याही त्याच यादीत येतात. चार-पाच महिन्यांच्या आतल्या बाळाच्या अंगावर तर डाग कुठेही दिसला तरी विचार करायचा. यामागचं कारण अगदी सरळ आहे. पडणारं मूल हाडावर आपटतं. कान, मान आणि पोट हे भाग पडताना सहसा झाकलेले, आत राहतात. तिथे मार लागला असेल, तर तो बहुधा कुणाच्या तरी हाताचा असतो.

आता आपल्याकडे येऊ. छत्रपती संभाजीनगरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ सालचं. त्याच्या रुग्णालयाला सगळा मराठवाडा ‘घाटी’ म्हणतो. जालना, बीड, परभणी, हिंगोलीकडून आणि पलीकडे बुलढाणा, जळगाव, नगरहूनही लोक इथे मूल घेऊन येतात. पण ‘मुलाला मारलंय’ असं सांगत कुणी येत नाही. ‘पडलं’, ‘दूध घेत नाही’, ‘सारखं रडतंय’, ‘झटके आले’ असं सांगत येतात. यातली बहुतेक कारणं खरीच असतात, हे आधी ठामपणे सांगितलं पाहिजे. बालरोग विभागातल्या भल्यामोठ्या रांगेत संशयाची मुलं मोजकीच असतात. त्या मोजक्यांना ओळखायला डॉक्टरांच्या हाती चार-पाच मिनिटं असतात.

त्या चार-पाच मिनिटांत काय घडतं ते जरा जवळून बघा. सिस्टर वजनासाठी बाळाचं दुपटं सोडतात. टोपडं निघतं, झबलं निघतं, मनगटातल्या काळ्या मण्यांच्या मनगट्या सरकवल्या जातात. मानेची घडी पुसताना कान पुढे दुमडला जातो आणि कानामागची कातडी दिसते. दूध ओढत नाही म्हणून तोंडात बोट घातलं की वरच्या ओठाच्या आत हिरडीशी जोडलेला नाजूक पडदा दिसतो. बाळाच्या तोंडात बाटली किंवा चमचा जोराने कोंबला, तर तो फाटतो. यात वेगळी अशी एकही तपासणी नाही. वजन करणं, पुसणं, पाजणं ही तर रोजचीच कामं. फरक पडतो तो ती कामं करताना नजर कुठे असते यामुळे.

हे शास्त्र जन्मलं कसं, ती हकिगतही विलक्षण आहे. पॅरिसचे न्यायवैद्यक डॉक्टर ऑंब्रुआझ तार्दियो यांनी १८६० मध्येच आईबापांच्या किंवा सांभाळणाऱ्यांच्या हातून छळ झालेल्या ३२ मुलांचा अहवाल लिहिला होता. त्यांपैकी १८ मुलं दगावली होती. अहवालात सगळं होतं, भाजणं, हाडं मोडणं, मेंदूभोवतीचा रक्तस्राव. तरीही वैद्यकाने त्याकडे जवळजवळ शंभर वर्षं पाठ फिरवली. डॉक्टरांना दिसत नव्हतं असं नाही. आईबाप असं करतील यावर मनच बसत नव्हतं.

मन बसलं ते क्ष-किरणांमुळे. न्यूयॉर्कच्या बाळांच्या रुग्णालयातले जॉन कॅफी यांनी १९४६ मध्ये सहा बाळांबद्दल लिहिलं. या बाळांच्या कवटीत, मेंदूच्या आवरणाखाली रक्त साचलेलं होतं. त्यांच्या हातापायांच्या लांब हाडांचे फोटो काढले तेव्हा सहा बाळांत मिळून २३ ठिकाणी अस्थिभंग सापडले. हाडांचा कुठलाही आजार त्यांना नव्हता. मार लागल्याची हकिगत मात्र कुणाच्याच केसपेपरवर नव्हती. पुढे डेन्व्हरच्या हेन्री केंपी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७१ रुग्णालयांकडून अशा मुलांची माहिती मागवली आणि १९६२ मध्ये त्यावर लेख लिहिला. एका वर्षातली ३०२ मुलं पुढे आली. त्यांपैकी ३३ मुलं दगावली होती आणि ८५ जणांच्या मेंदूला कायमची इजा झाली होती. त्या लेखानंतर पाच-सहा वर्षांतच अमेरिकेच्या प्रत्येक राज्यात डॉक्टरांनी अशी शंका कळवावी असे कायदे झाले.

हाडाचं वागणं समजून घेतलं की कॅफींना काय दिसलं असेल ते कळतं. तान्ह्या बाळाची बरगडी लवचीक असते. छाती दोन हातांत धरून जोराने आवळली, तर ती पाठीच्या कण्याजवळ मोडते. पडल्यामुळे ती तिथे मोडणं फार विरळा. शिवाय नव्याने मोडलेली बरगडी फोटोत अनेकदा दिसतच नाही. सात ते चौदा दिवसांत भंगाभोवती नवं हाड धरू लागतं आणि पांढरी गाठ उमटते. म्हणून जाणकार डॉक्टर दोन आठवड्यांनी पुन्हा फोटो काढायला सांगतात. काल न दिसलेली गोष्ट आज दिसते, तीही ती भरून येऊ लागली म्हणून. एकाच बाळाच्या फोटोत एक भंग ताजा, एक अर्धा जुळलेला आणि एक पूर्ण भरलेला दिसला, तर ‘एकदा पडलं’ ही हकिगत टिकत नाही. प्रत्येक हाडाने आपापली तारीख लिहून ठेवलेली असते.

भाजण्याचंही तसंच. अंगावर चहा सांडला तर ओघळ वेडेवाकडे येतात, शिंतोडे उडतात, मूल हात झटकतं. कुणी पाय गरम पाण्यात धरून ठेवला असेल, तर मोजा घातल्यासारखी सरळ रेघ उमटते आणि ती दोन्ही पायांवर सारख्याच उंचीवर असते.

आता दुसरी बाजू, आणि आपल्याकडे तिला फार महत्त्व आहे. आपल्या पुष्कळ बाळांच्या कमरेवर आणि ढुंगणावर जन्मतःच निळसर-करडे डाग असतात. ते निरुपद्रवी असतात आणि बहुतेकदा वाढत्या वयात फिके पडत जातात. नवख्या डॉक्टरला ते माराचे वाटू शकतात. मुडदूस झालेल्या मुलाचं हाड साध्या धक्क्यानेही मोडतं. जन्मानंतर के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन न मिळालेल्या बाळाच्या मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. हाडं जन्मतःच ठिसूळ असण्याचा आजारही असतो. म्हणून जाणकार माणूस डाग दिसताच आईबापांवर बोट रोखत नाही. तो लिहून ठेवतो, तपासण्या करतो, वरिष्ठांना दाखवतो. आईबापांवर खोटा आळ आला तरी त्याची झळ शेवटी मुलालाच बसते.

काही इजा चांगल्या हेतूनेही होतात. मेळघाटात तान्ह्या बाळाच्या फुगलेल्या पोटावर तापलेल्या लोखंडाने चटके देतात. त्याला ‘डंबा’ म्हणतात. हे करणाऱ्या आजीच्या मनात बाळ बरं व्हावं एवढंच असतं. पण बाळाच्या कातडीला हेतू कळत नाही. अशा घरात जाऊन, आजीचा अपमान न करता, पोट फुगलं की काय करायचं हे दाखवणारी आशाताई डॉक्टरांच्या दहा भाषणांपेक्षा जास्त कामाची असते, असं माझं मत आहे.

इथवर अंग बोलतं ते पाहिलं. लैंगिक अत्याचारात मात्र अंग बहुतेक वेळा काहीच बोलत नाही. या विषयातलं सगळ्यात थक्क करणारं आणि आपल्या समाजाला सगळ्यात कमी ठाऊक असलेलं सत्य हेच आहे. १९९४ मध्ये अमेरिकेत, ज्यांच्यावरचा अत्याचार न्यायालयात सिद्ध झाला होता अशा २३६ मुलांच्या तपासणीच्या नोंदी पुन्हा पाहिल्या गेल्या. स्पष्टपणे वेगळं काही आढळलं ते फक्त १४ टक्के मुलांत. २००४ मध्ये तर त्याहून चकित करणारा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात गरोदर असलेल्या ३६ किशोरवयीन मुली होत्या. त्यांच्या बाबतीत संबंध आला होता यात शंकेला जागाच नव्हती. तरीही तपासणीत त्याची निर्णायक खूण सापडली ती फक्त दोघींमध्ये. तो भाग फार लवचीक असतो, त्याला रक्ताचा पुरवठा भरपूर असतो आणि तिथल्या बहुतेक जखमा काही दिवसांत मागमूस न ठेवता भरून येतात.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. ‘डॉक्टरांना काही सापडलं नाही, म्हणजे काही झालंच नाही’ हे वाक्य गावात, घरात आणि कधीकधी पोलीस ठाण्यातही सर्रास बोललं जातं. ते शास्त्राच्या दृष्टीने चूक आहे. काही न सापडणं हेच नेहमीचं असतं. ‘टू फिंगर टेस्ट’ नावाची अपमानास्पद तपासणी निरर्थक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं होतं. ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी न्यायालयाला ते पुन्हा आणि अधिक कडक शब्दांत सांगावं लागलं. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांतही ती करू नये असं स्पष्ट म्हटलं आहे.

अंग गप्प असेल तर उरतात ते मुलाचे शब्द. मूल सहसा सरळ सांगत नाही. नऊ वर्षांची मुलगी महिन्यात तिसऱ्यांदा पोट दुखतं म्हणून येते आणि सोनोग्राफीत काही निघत नाही. रात्री अंथरूण ओलं न करणारा मुलगा पुन्हा ओलं करू लागतो. विचारायचं कसं, यालाही शास्त्र आहे. मुलाच्या उंचीला येऊन बसायचं आणि शक्य असेल तर थोडा वेळ त्याच्याशी एकट्याने बोलायचं. ‘काकांनी काही केलं का?’ असं नाव सुचवून विचारायचं नाही. ‘काय झालं ते सांगशील?’ असं विचारायचं आणि मग गप्प बसायचं. गप्प बसणंच सर्वांत अवघड. मूल जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत केसपेपरवर उतरवायचं. ‘त्यांनी मला बाऊ केला’ असं ते म्हणालं तर तसंच लिहायचं, त्याचा वैद्यकीय अनुवाद करायचा नाही. आपण सुचवलेला शब्द मुलाच्या तोंडी आला की पुढे न्यायालयात त्याच्या जबाबाचं वजन घटतं. तेच शब्द जसेच्या तसे नोंदवलेले असले की वाढतं.

आपल्याकडे या मौनाचं मोजमाप एकदा झालं आहे. केंद्र सरकारने २००७ मध्ये १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून अभ्यास प्रसिद्ध केला. महाराष्ट्र आणि गोवा दोन्ही त्यात होते. दर तीन मुलांमागे दोघांनी मार सोसल्याचं सांगितलं. निम्म्याहून अधिक मुलांनी कुठल्या ना कुठल्या रूपातला लैंगिक अत्याचार सांगितला. बहुतेकांनी त्याआधी तो कुणालाच सांगितला नव्हता.

पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ रोजी लागू झाला. त्याच्या कलम १९ मध्ये जी सोय आहे, ती प्रत्येक डॉक्टर, परिचारिका आणि औषध दुकानदाराने पाठ करावी अशी आहे. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, किंवा होण्याची भीती वाटली, तरी ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. गुन्हा सिद्ध करणं डॉक्टरांचं काम नाही, कळवणं मात्र आहे. सद्भावनेने कळवणाऱ्याला कायदा संरक्षण देतो. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत. तपासणीसाठी आधी गुन्हा नोंदवलेला असण्याची गरज नाही. पोलिसांचं पत्र आणा मग बघू, असं कुठल्याही रुग्णालयाला म्हणता येत नाही. मुलगी असेल तर तपासणी महिला डॉक्टरनेच करायची, मुलाचा विश्वास असलेलं माणूस शेजारी हवं, आणि उपचार सरकारी असो वा खासगी, सगळीकडे मोफत.

हे कागदावर राहू नये म्हणून महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कान उपटले. चंद्रपूर जिल्ह्यात राजुरा इथल्या वसतिगृहात आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचं २०१९ मध्ये उघड झालं. मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना माहिती असूनही त्यांनी कळवलं नाही, असा आरोप झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये डॉक्टरांवरचा गुन्हा रद्द केला. २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. आरोप खरा की खोटा हे खटल्यातच ठरवायचं असतं. पण वेळेवर न कळवणं ही किरकोळ चूक नाही, त्याने कायद्याचा हेतूच हरतो, हे न्यायालयाने निःसंदिग्ध सांगितलं.

मराठवाड्यात या बंधनाची खरी कसोटी लागते ती गरोदरपणाच्या नोंदणीच्या टेबलावर. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २० ते २४ वयोगटातल्या, अठरा पुरे होण्याआधी लग्न झालेल्या स्त्रिया महाराष्ट्रात २१.९ टक्के निघाल्या. परभणीत हे प्रमाण ४८ टक्के, बीडमध्ये ४३.७ आणि तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात तिनात एकाहून जास्त होतं. ऊसतोडीला जाताना वयात आलेली मुलगी मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची, या धास्तीतून पुष्कळ लग्नं उरकली जातात. मग सतरा वर्षांची गरोदर मुलगी सासूबरोबर रुग्णालयात येते. सासू वय एकोणीस सांगते आणि मुलगी खाली बघते. डॉक्टरने कळवलं तर नवरा तुरुंगात आणि पुढच्या वेळी कुटुंब दवाखान्याची पायरीच चढणार नाही ही भीती. नाही कळवलं तर कायदा मोडला. ही कोंडी खरी आहे. ती थोडी सोडवणारा निकाल २९ सप्टेंबर २०२२ चा आहे. अल्पवयीन मुलगी गर्भपातासाठी आली आणि तिने आणि तिच्या पालकांनी विनंती केली, तर पोलिसांना कळवताना तिचं नाव-गाव उघड करण्याची डॉक्टरांना सक्ती नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. हे घाटीपासून तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत प्रत्येक प्रसूती विभागाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असायला हवं.

ओळखणं झालं. टाळणं मात्र ओळखण्याच्या कितीतरी आधी सुरू होतं, आणि मला सगळ्यात जास्त आशा तिथेच दिसते.

बाळ किती रडतं, हे बेरी ब्रेझलटन यांनी १९६२ मध्ये ८० बाळांच्या आयांकडून रोज नोंदवून घेतलं. दुसऱ्या आठवड्यापासून रडणं वाढत जातं. सहाव्या आठवड्याच्या सुमाराला ते शिखर गाठतं, दिवसाला साधारण पावणेतीन तास, आणि तेही जास्त करून संध्याकाळी. मग तीन-चार महिन्यांत ते आपोआप उतरतं. आफ्रिकेतल्या कुंग सान लोकांची बाळं दिवसभर आईच्या अंगाला बांधलेली असतात, मागेल तेव्हा त्यांना दूध मिळतं. त्यांच्याही रडण्याचा चढउतार याच आठवड्यांत दिसला. म्हणजे बाळ रडतं यात आईची चूक नसते, हे वयच तसं असतं. आता यावर दुसरा आलेख ठेवा. रागाच्या भरात जोराने हलवल्यामुळे मेंदूला इजा होऊन रुग्णालयात दाखल होणाऱ्या बाळांचा आलेख रडण्याच्या आलेखाबरोबरच चढतो आणि काही आठवड्यांच्या अंतराने, साधारण अडीच-तीन महिन्यांच्या वयात शिखरावर जातो. बाळाला हलवणारं माणूस राक्षस असतं असं नाही. अनेकदा ते झोप न मिळालेलं, एकटं पडलेलं माणूस असतं.

हे आपल्या घरांशी ताडून पाहा. सव्वा महिना म्हणजे सुमारे चाळीस दिवस. तोवर बाळंतिणीभोवती माणसं असतात. मालीश करणारी बाई रोज येते, शेक-शेगडी होते, कुणीतरी डिंकाचे लाडू करतं. सव्वा महिना झाला की मावशी आपल्या गावी जाते आणि मालीशवाल्या बाईचे दिवस भरतात. नेमकं तेव्हाच रडणं शिखरावर असतं. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत नवरा रात्रपाळीला गेलेला, दोन खोल्यांत परक्या शहरातली एकटी सून आणि सहा आठवड्यांचं बाळ, असं चित्र डोळ्यांपुढे आणा.

आता आशाताईंचं वेळापत्रक पाहा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे निकाल आले आणि २०११ पासून ती पद्धत देशभर गेली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. झोळीच्या काट्यात बाळ ठेवून वजन करते, मिनिटभर श्वास मोजते. बेचाळिसावा दिवस म्हणजे बरोबर सहा आठवडे. रडण्याच्या शिखरावर सरकारचं एक माणूस त्या घराच्या उंबऱ्यावर असतं! हे वेळापत्रक बालमृत्यू कमी करायला आखलेलं होतं. रडण्याचा विचारही त्यात नव्हता. त्यानंतरची भेट मात्र थेट तिसऱ्या महिन्यात येते, आणि धोका वाढत जातो तो नेमका या दोन भेटींच्या मधल्या आठवड्यांत.

म्हणून बेचाळिसाव्या दिवशी आशाताईने वजनाबरोबर एक प्रश्न विचारावा: ‘ताई, बाळ फार रडतं तेव्हा तू काय करतेस?’ आणि उत्तर काहीही आलं तरी सांगावं की हे रडणं आणखी थोडे दिवस राहील आणि मग उतरेल. फारच असह्य झालं तर बाळाला पाठीवर सुरक्षित निजवून दहा मिनिटं बाहेर ये. रडण्याने बाळाला काही होत नाही, हलवण्याने होतं. याचा उपयोग होतो का? अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात प्रसूतीनंतर घरी सोडण्याआधी परिचारिकांनी आईबापांना हे समजावलं, तेव्हा अशा इजा जवळपास निम्म्या झाल्या. पेनसिल्व्हेनियात तोच प्रयोग मोठ्या प्रमाणावर केला, तेव्हा घट दिसली नाही. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात पुन्हा दिसली, सुमारे ३५ टक्के. तिथे रुग्णालयात समजावून झाल्यावर आरोग्य परिचारिका घरीही तेच सांगत होत्या. माझ्या मते ही घरची भेट कळीची आहे.

कारण घरभेटींचा पुरावा आणखी जुना आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा गावात डेव्हिड ओल्ड्स यांनी गरीब, तरुण, पहिलटकरणींच्या घरी परिचारिका पाठवल्या, गरोदरपणापासून मूल दोन वर्षांचं होईपर्यंत. पंधरा वर्षांनी पाहिलं तर त्या घरांत मुलांच्या छळाच्या आणि हेळसांडीच्या नोंदी इतरांच्या जवळपास निम्म्याच होत्या. फक्त एका प्रकारच्या घरांत हा फायदा पुसट झाला, जिथे नवरा बायकोला वारंवार मारत होता. आई सुरक्षित नसेल तर मूलही नसतं. म्हणूनच मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० मध्ये महापालिका आणि ‘सेहत’ संस्थेने सुरू केलेलं ‘दिलासा’ केंद्र मला मुलांसाठीचंही वाटतं. मार खाणाऱ्या बाईला रुग्णालयातच आधार मिळावा, ही त्यामागची कल्पना. पुढे ‘सेहत’ने जागतिक आरोग्य संघटनेबरोबर महाराष्ट्रातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत डॉक्टर-परिचारिकांना अशी हिंसा ओळखायला शिकवलं. औरंगाबादची घाटी त्यात होती. आईसाठी शिकलेली ती नजर बालरोग विभागापर्यंत पोचवायला नवी इमारत लागत नाही.

वाचकहो, तुमच्या घरात, चाळीत किंवा सोसायटीत कुणाचं बाळ सव्वा महिन्याचं झालं असेल, तर या आठवड्यात एका संध्याकाळी तिथे जा. तासभर बाळ सांभाळा आणि आईला झोपू द्या. आणि एखाद्या मुलाबद्दल मनात शंका आली, तर खात्री होईपर्यंत थांबू नका. १०९८ हा मुलांसाठीचा क्रमांक चोवीस तास चालू असतो, फोन करायला पैसे पडत नाहीत आणि पुरावाही मागितला जात नाही.